आभासी वर्ग : शनिवारवाड्यापुरता उत्तम

पुण्यातील एका वास्तुकला महाविद्यालयाने गेल्या सत्रात द्वितीय वर्षासाठी एका आभासी जगाची वार्षिक वर्गणी भरली आणि तेथे शिकवत असल्यामुळे मला ती सेवा विद्यार्थ्यांसोबत वापरता आली. लॅपटॉपवर आपला अवतार, म्हणजे पडद्यावरची आपली प्रतिकृती, चालवायचा, बरोबरच्यांशी बोलायचे आणि उभारलेल्या वास्तूंमधून हिंडायचे, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना जुनीच; लिंडेन लॅब या अमेरिकी कंपनीचे 'सेकंड लाइफ' हे असेच आभासी जग २००३ मध्ये खुले झाल्यावर परदेशातील अनेक विद्यापीठांनी तेथे वर्ग थाटले होते.

या सेवेतील सर्वांत सरस पाठ शनिवारवाड्याचा आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला आणि आज तटबंदी, दरवाजे व जोती तेवढी उरली आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत विद्यार्थी दिल्ली दरवाज्याचे फोटो काढून जोत्यांवरून भराभर पुढे सरकतात. पडद्यावर मात्र त्याच जोत्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, मग कडीपाट (कड्या-फळ्यांचे लाकडी छत) असे थर चढवत जाता येते आणि एखादा खांब काढला की वरचे काय काय अधांतरी राहते, तेही लगेच दिसते. एरवी हजेरीपुरती येणारी मुले जिना कोणत्या खणात असावा यावरून तावातावाने वाद घालत होती. वरच्या मजल्यांचा बराचसा भाग अंदाजाने रचलेला आहे, ही गोष्ट सेवेत कोठेही नमूद नाही आणि शिक्षणाच्या साधनात हे मला अक्षम्य वाटते.

नेहमीचे व्याख्यान या जगात घेतले, तेव्हा मुले अवताराला खुर्चीवर बसवून खुशाल चहाला गेली. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रतिमान, म्हणजे लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात याची मांडणी, मांडताना, वापरणाऱ्याला वाटणारी उपयुक्तता ही त्याला वाटणाऱ्या सुलभतेपेक्षा अधिक निर्णायक ठरते, असे दाखवले होते. येथे तेच दिसले. वसतिगृहाच्या रडतखडत चालणाऱ्या वाय-फायवर वाडा उघडायला लागणारा वेळ विद्यार्थ्यांनी निमूटपणे सोसला, व्याख्यानासाठी मात्र लॉगिनचीच कुरकूर होती.

तेव्हा वर्षभराची वर्गणी भरण्याआधी महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमातील एखादा पाठ चाचणीसाठी मागून घ्यावा आणि तो संगणककक्षातील सर्वांत जुन्या यंत्रावर चालवून पाहावा.