लायर्सचे दोन सिंथ अल्बम: आधी कोणता ऐकावा?

लायर्स म्हटलं की खरखरती गिटार, दणादण ड्रम्स आणि गायक अँगस अँड्र्यूचं किंचाळणं आठवतं. याच नॉइझ रॉक बँडने पुढे गिटार जवळपास बाजूला सारून सिंथेसायझरवर (म्हणजे सिंथ, इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) दोन अल्बम केले. एक २०१२चा 'विश यू' (शोधताना स्पेलिंग डब्ल्यू-आय-एक्स-आय-डब्ल्यू असं टाका, नाहीतर सापडायचा नाही) आणि दुसरा २०१४चा 'मेस'. रेकॉर्ड कंपनी तीच, म्यूट. माणसंही तीच तिघं, आणि दोन्हींत गाणी ११. साम्य एवढंच.

'विश यू'च्या वेळी ही यंत्रं त्यांच्या हातात रुळलेली नव्हती. म्यूटचे संस्थापक आणि डेपेश मोड या सिंथ बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांचे निर्माते डॅनियल मिलर मदतीला होते, तरी चाचपडणं ऐकू येतंच. आणि मला तेच आवडतं. पहिलं गाणं 'द एक्झॅक्ट कलर ऑफ डाउट' धुक्यासारखं पसरत जातं, ओरडणारा अँगस इथे जवळजवळ पुटपुटतो. 'नंबर वन अगेन्स्ट द रश'मध्ये ठोका शेवटपर्यंत संथ, एकसुरी राहतो. आता स्फोट होईल असं वाटत राहतं आणि तो होत नाही. हेडफोन लावल्याशिवाय यातलं निम्मं काम कानावर पडतच नाही. फोनच्या स्पीकरवर ऐकून 'कंटाळवाणा' ठरवू नका.

'मेस' तसा नाही. 'मास्क मेकर'च्या सुरुवातीला एक जाडाभरडा, मुद्दाम खाली ओढलेला आवाज तुम्हाला त्याचे कपडे काढायचे हुकूम सोडतो. वात्रटपणा आहे, पण बीट सुरू झाला की पाय थांबत नाहीत. 'मेस ऑन अ मिशन'पर्यंत हा जोर टिकतो. उत्तरार्धात मात्र अल्बम वेग सोडतो आणि नऊएक मिनिटांचं 'परपेच्युअल व्हिलेज' माझ्या मते लांबलंय.

नाचायला, पळायला, गाडीत मोठ्याने लावायला काही हवं असेल तर बेधडक 'मेस' घ्या. एकच विकत घेणार असाल तर 'विश यू'; तो दहाव्यांदा ऐकतानाही पुरता हाती लागत नाही. निर्णय होतच नसेल तर 'विश यू'मधलं 'ब्रॅट्स' लावून बघा. त्यातला धिंगाणा पुरेसा वाटला नाही, तर तुमचा अल्बम 'मेस'. आणि सिंथचंच वावडं असेल तर दोन्ही सोडून लायर्सच्याच २००६च्या 'ड्रम्स नॉट डेड' अल्बमकडे वळा.