पानांवरची कीड आणि रोग ओळखण्यासाठी दहापट भिंग: वापरानंतरचा अभिप्राय

झाडाचे पान पिवळे पडले की बहुतेक जण थेट खताच्या पिशवीकडे किंवा औषधाच्या बाटलीकडे वळतात आणि निदान राहूनच जाते. घडी घालून खिशात ठेवता येणारे, दहापट मोठे दाखवणारे काचेचे भिंग मी घरातल्या आणि बागेतल्या झाडांसाठी नियमित वापरतो. झाडांची हौस असणाऱ्याने औषधांच्या आधी हे विकत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंगाचे खरे काम पानाच्या खालच्या बाजूला असते. जास्वंदीच्या किंवा गुलाबाच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके उमटतात आणि पान निस्तेज होते, तेव्हा नुसत्या डोळ्यांना धूळ बसल्याचा भास होतो. तेच पान उलटून मधल्या शिरेच्या कडेने भिंग फिरवले, तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, आठ पायांचे कोळी (माइट, म्हणजे पानातला रस शोषणारी कीड) हळूहळू सरकताना दिसतात. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग असतो, शेजारी गोल पारदर्शक अंडी, टाकून दिलेल्या पांढऱ्या काती आणि विरळ जाळे असते. या कोळ्यांचा रंग अनेकदा हिरवट पिवळा असतो, त्यामुळे ‘लाल कोळी’ या प्रचलित नावावरून लाल रंग शोधणाऱ्याची नजर त्यांच्यावरून सहज निसटते. फुलकिड्यांचे दृश्य यापेक्षा वेगळे असते: पानावर चंदेरी चट्टे, त्यांवर विष्ठेचे काळे चकचकीत ठिपके आणि त्यांतून पळणारी लांबट, फिकट पिल्ले. हा फरक कळणे महत्त्वाचे आहे, कारण कोळी हा कीटक नव्हे आणि अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उलट काही औषधांनी त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि प्रादुर्भाव वाढतो. फुलकिड्यांच्या बऱ्याच जातींची कोषावस्था मातीत जाते, म्हणून तिथे नुसती पाने फवारून काम संपत नाही.

पांढऱ्या डागांच्या बाबतीतही भिंगाने मोठी सोय होते. भुरी या बुरशीजन्य रोगाचा डाग असेल तर पृष्ठभागावर पसरलेले बुरशीचे तंतू आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या बीजाणूंच्या बारीक माळा दिसतात, तर जड पाण्यातल्या क्षारांचा डाग सपाट आणि कणीदार असतो. नेच्याच्या (फर्नच्या) पानाखालचे तपकिरी ठिपके पाहून खवले कीड लागली म्हणून धास्तावणाऱ्यांनीही आधी त्यांची मांडणी बघावी. ते नेच्याचेच बीजाणूंचे पुंजके असतील, तर ठरावीक क्रमाने बसलेले असतात. खवले कीड मात्र शिरांच्या आणि देठांच्या कडेने वेडीवाकडी चिकटलेली असते आणि नखाने अख्खी उचलली जाते.

अन्नद्रव्यांची कमतरता ओळखताना मात्र भिंगाचा फारसा उपयोग नाही. तिथे दोन पावले मागे सरून संपूर्ण झाड पाहावे लागते. नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्या पानांकडे वाहून नेले जाते, म्हणून त्यांची उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. लोह तसे हलत नाही, म्हणून ते कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळदा मातीत लोह असतेच, पण सामू (मातीचा पीएच) जास्त असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. माती ओली असूनही पाने मलूल पडली असतील, तर पान तपासत न बसता रोप कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावीत. ती तपकिरी, मऊ आणि कुजका वास येणारी असतील तर दुखणे तिथेच आहे. भिंगाची आणखी एक मर्यादा म्हणजे शेंडे आखडवणारे काही कोळी इतके सूक्ष्म असतात की दहापट भिंगातही जेमतेम ठिपक्याएवढे दिसतात.

खरेदी करताना तीन काचा जोडलेले भिंग घ्यावे, कारण एका काचेच्या स्वस्त भिंगात कडेचे चित्र वाकते आणि रंगांची झालर दिसते. तीसपट किंवा साठपट असे आकडे पाहून भुलू नये. वर्धन वाढते तसे दिसणारे क्षेत्र आक्रसते, भिंग पानाला जवळजवळ टेकवावे लागते आणि हाताच्या किंचित थरथरीनेही चित्र हरवते. दहापट भिंगात पान सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर धरता येते आणि हे अंतर हाताला जमते. भिंग डोळ्याजवळ स्थिर ठेवून पान त्याच्याकडे आणावे. भिंग पानावर धरून वरून वाकून पाहणाऱ्यांना दिसते त्याहून कितीतरी मोठा भाग यात दिसतो. दिवा बसवलेला प्रकार संध्याकाळी उपयोगी पडतो, पण रबराच्या झाडासारख्या चकचकीत पानांवर त्याची तिरीप परत डोळ्यांत येते, तेव्हा दिवा बंद करून खिडकीतून बाजूने येणारा उजेड घ्यावा.