अल्फाफोल्डचा प्रथिन-संरचना संग्रह: आधी रंग पाहावा, मग आकार

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आज विनामूल्य मिळणाऱ्या सेवांपैकी एकीचीच शिफारस करायची झाली, तर मी अल्फाफोल्ड या, प्रथिनांचा त्रिमितीय आकार भाकीत करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीच्या प्रथिन-संरचना संग्रहाची करेन. गूगलच्या मालकीची कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनी डीपमाइंड आणि केंब्रिजजवळची युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट यांनी तो जुलै २०२१मध्ये खुला केला आणि वर्षभरातच त्यातील भाकीत केलेल्या संरचनांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली. या संशोधनासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. हिमोग्लोबिनची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडण्यासाठी मॅक्स पेरुट्झ यांना दोन दशकांहून अधिक काळ झटावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते.

वापर सोपा आहे. प्रथिनाचे किंवा जनुकाचे नाव टाकले की त्रिमितीय आकृती उघडते, ती हवी तशी फिरवता येते आणि तिची फाइलही उतरवून घेता येते. खाते उघडावे लागत नाही. मात्र या सेवेचा खरा गुण मला तिच्या प्रामाणिक रंगसंगतीत दिसतो. भाकिताचा विश्वासांक ९०च्या वर असेल तो भाग गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा आणि त्याखालचा नारिंगी दाखवला जातो. कर्करोग रोखणारे पी५३ हे प्रथिन पाहावे: डीएनएला चिकटणारा मधला भाग निळा व घट्ट दिसतो, तर सुरुवातीचा भाग नारिंगी फितीसारखा सैल पसरलेला असतो. तिथे संगणकाची चूक झाली असे समजू नये, कारण त्या भागाला पेशीतही स्वतःची स्थिर घडी नसते.

मर्यादा आहेत आणि त्या गंभीर आहेत. हिमोग्लोबिनची बीटा साखळी उघडली तर घडी उत्तम दिसते, पण प्राणवायू धरणारा लोहयुक्त हीम तिथे नसतो. त्याची खोबण रिकामीच राहते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात याच साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू सुटल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात. एकट्या साखळीच्या आकृतीवरून हे मुळीच उमगत नाही. म्हणूनच उत्परिवर्तनाचा परिणाम ठरवण्यासाठी या संग्रहावर विसंबू नये, आणि प्रयोगाने सिद्ध झालेली रचना १९७१पासून चालू असलेल्या प्रोटीन डेटा बँकेत उपलब्ध असेल तर आधी तीच पाहावी.

प्रकल्प-अहवालांत रंगसूची कापून नुसती आकृती चिकटवण्याची पद्धत मला फार खटकते. आकृतीखालचा त्रुटी-आलेखही, म्हणजे प्रथिनाच्या भागांच्या परस्पर जागांच्या भाकितात किती चूक संभवते ते दाखवणारा आलेख, सोबत द्यायलाच हवा, कारण दोन भाग स्वतंत्रपणे गडद निळे असूनही त्यांची एकमेकांच्या संदर्भातील जागा मुळीच भरवशाची नसते, असे पुष्कळदा घडते आणि ते केवळ त्या आलेखातच दिसते.