लाक्सनेसची 'इंडिपेंडंट पीपल': ब्यार्तुरला हिवाळ्याने नाही, भरभराटीने बुडवलं

आईसलँडमधली माणसं शेती-मेंढ्या सोडून किनाऱ्यावरच्या गावांत कशी गेली यावर कादंबरी शोधत होतो, हाल्दोर लाक्सनेसची ही मिळाली. दोन भागांत आलेली, १९३४ आणि १९३५, मी जे. ए. थॉम्पसनचा इंग्रजी अनुवाद वाचला आणि तो फार सुंदर आहे. (पुढे कथानक येतंय, सांभाळून वाचा.)

ब्यार्तुर १८ वर्षं दुसऱ्याच्या मेंढ्या राखून स्वतःची जमीन घेतो आणि मग कुणाचा मिंधा म्हणून राहायचं नाही या एका हट्टापायी सगळं घर पणाला लावतो. माती-गवताच्या घरात खाली मेंढ्या, वर माणसं. मुलांना दूध देणारी एकुलती एक गाय, पण चारा मेंढ्यांना पुरायला हवा म्हणून तीसुद्धा मारतो. तो भाग वाचून मी पुस्तक मिटलं, दोन दिवस हातात घ्यायची इच्छाच होईना.

एवढे हिवाळे, एवढे मृत्यू, तरी माणूस टिकतो. बुडतो कधी, तर पहिल्या महायुद्धात मांस-लोकरीचे भाव चढल्यावर! सहकारी संस्था येते, कर्ज सहज मिळतं, ब्यार्तुर सिमेंटचं घर बांधतो, ते इतकं गार की आत राहता येत नाही, आत ठेवायला धड फर्निचर नाही, मग भाव पडतात, हप्ते थकतात आणि जमीन लिलावात जाते. आधुनिक होणं म्हणजे नेमकं काय ते मला या सिमेंटच्या घरात जेवढं कळलं तेवढं कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात कळलं नव्हतं.

मुलं एकेक करून दूर जातात. नोन्नी अमेरिकेला, आउस्ता सोल्लिल्याला तर बापच घराबाहेर काढतो, ती किनाऱ्यावरच्या गावात कशीबशी दिवस काढते, आणि ग्वेंदुर शेवटी संपकरी मजुरांत राहतो. गाव सुटतं ते कुणाच्या स्वप्नामुळे नाही, मागे उभं राहायला जागाच उरत नाही म्हणून, हे लाक्सनेसने किती शांतपणे दाखवलंय! आईसलँडची राजधानी रेक्याविकमधे १९०१ साली ६-७ हजार माणसं होती, १९४० पर्यंत ३८ हजार झाली. ती वाढ कुठून आली ते या घराकडे बघून समजतं.

मधे मेंढ्यांचे रोग आणि राजकारणावरच्या गप्पा पानंच्या पानं चालतात, तिथे मी अडकलो होतो, पण गाळू नका, कारण कर्ज गळ्यात कसं पडलं ते त्याच गप्पांत आहे. आणि शेवटी ब्यार्तुर आजारी आउस्ताला उचलून चालू लागतो ती पानं रात्री एकट्याने वाचा, घाई न करता.