दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, नऊ महिने: मशीन पक्कं, जोड कच्चे

नऊ महिने झाले बसवून. दीड टनाचा स्प्लिट, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा), आर-३२ गॅसचा, थंड-गरम दोन्ही करणारा. म्हणजे उन्हाळ्यात एसी आणि थंडीत हीट पंप. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या नऊ महिन्यांत तो तीनदा रुसला आणि तिन्ही वेळा मशीन निर्दोष निघालं. दोष सापडला तो कुणीतरी हाताने वायर आवळली होती तिथे. त्यामुळे हा अनुभव एसीचा कमी आणि स्क्रूंचा जास्त आहे. ज्यांना फक्त गारवा कसा आहे एवढंच हवंय त्यांच्यासाठी: चांगला आहे. बारा बाय चौदाची वरच्या मजल्यावरची खोली भर दुपारी वीसेक मिनिटांत बसण्याजोगी होते आणि रात्री आवाज खटकत नाही. बाकीच्यांनी पुढे वाचा.

एसी घ्यायचं ठरलं तेव्हा माझा सगळा जीव वायरमध्ये अडकला होता. खोलीत जुना पॉवर पॉइंट होता, पण तो लाइट-पंख्यांच्या सर्किटवरूनच ओढलेला. एसीला डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीज-बॉक्सपासून, थेट स्वतंत्र लाइन हवी, वाटेत दुसरा पॉइंट काढायचा नाही, यावर मी अडून बसलो. वायरमन म्हणाला, "अडीच एमएम पुरते साहेब, सगळीकडे तीच टाकतो." त्याचं चुकीचं नव्हतं. हा एसी पूर्ण जोरात ७-८ अँपिअर घेतो, आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तेवढं आरामात पेलते. पण वायर तापलेल्या भिंतीच्या पोटातून जाणार, पुन्हा काढणं नको, म्हणून मी चारची टाकून घेतली. वर २० अँपिअरचा सी प्रकारचा (सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच.

नंतर कागदावर हिशोब केला. अडीचच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, चारच्या तारेचा ४.६. डीबीपासून पॉइंट सतरा मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ३४ मीटर. आठ अँपिअरला एकीत वाटेतच २ व्होल्ट कमी होतात, दुसरीत सव्वा. पाऊण व्होल्टासाठी मी दोन दिवस वाद घातला होता! पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, वायर गार राहते. पण पुढे जे जळलं ते त्या सतरा मीटरमध्ये नव्हतंच.

बसवायला आलेला फिटर कामाला चपळ होता. कॉपर पाइप वाकवणं, फ्लेअर करणं (पाइपाचं टोक फुलवणं), नट बसवणं, सगळं झटपट. फक्त शेवटी आऊटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलायच्या बेतात होता. मी म्हटलं, हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंपच पाहिजे. तो म्हणाला, "दादा, पाइप छोटा आहे, गरज नाही." गरज असते. हवेबरोबर बाष्प आत राहतं, ते कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत कुणाला बसवण्याचा दिवस आठवत नसतो. त्याने गाडीतून पंप आणला, वीस मिनिटं चालवला, मग पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते पाहिलं. साध्या गेजवर एवढंच कळतं. खरं माप मायक्रॉन गेजचं, तो आत उरलेला दाब बारकाईने मोजतो. बाहेरची हवा म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन आणि खाली उतरायचं ५०० पर्यंत. तो गेज त्याच्याकडे नव्हता, मीही ताणलं नाही.

मग चालू केला. इनडोअरचा पंखा छान फिरला, पट्टी उघडली, सगळे समोर उभे. कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, तीनेक मिनिटं थांबतो, हे माहीत होतं. तीन झाली, पाच झाली. आऊटडोअर ढिम्म. मग टायमरचा दिवा लुकलुकायला लागला. पुस्तिकेत पाहिलं तर इनडोअर-आऊटडोअरचं बोलणं होत नाही असा तो एरर.

इथे जरा थांबतो, कारण हे बारकाईने सांगण्यासारखं आहे. दोन्ही युनिटांना जोडणाऱ्या केबलमध्ये चार तारा असतात: फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थ. टर्मिनलवर १, २, ३ आणि अर्थची खूण. माझ्या सेटमध्ये पॉवर इनडोअरला येते आणि तिथून या केबलने आऊटडोअरला जाते. सिग्नलची तार एकटीच असते, तिचा परतीचा रस्ता न्यूट्रलमधूनच. आता झालं असं, की एसीबरोबर आलेली केबल दोनेक मीटर कमी पडली. फिटरने पिशवीतला तुकडा काढून बाहेरच्या बाजूला जोड मारला. कंपनीच्या केबलमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि सिग्नल काळी. तुकड्यात लाल, काळी, पिवळी. त्याने तपकिरीला लाल जोडली, काळीला काळी, उरलेल्या निळीला पिवळी. जोड मारताना बरोबरच होतं. पण आऊटडोअरला वायर बसवताना हाताची सवय आडवी आली: काळी म्हणजे न्यूट्रल. काळी दोनवर गेली, पिवळी तीनवर. म्हणजे सिग्नल न्यूट्रलच्या जागी आणि न्यूट्रल सिग्नलच्या.

फिटर म्हणाला, बोर्ड खराब आलाय, कंपनीत तक्रार टाका. मी एमसीबी पाडला, दहा मिनिटं थांबलो (आऊटडोअरच्या बोर्डावरचे कपॅसिटर बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतात, घाई करू नका) आणि त्याला म्हटलं, मल्टिमीटर बझरवर लाव (तार अखंड असली की तो वाजतो) आणि एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून बघ. दुसऱ्याच तारेला तो गप्प झाला. अदलाबदल केली, चालू केला, तीन मिनिटांनी बाहेर हलकी घरघर ऐकू आली. बोर्ड वाचला हे नशीब.

त्या संध्याकाळी क्लॅम्प मीटर (तारेला कवेत घेऊन करंट मोजणारा) लावून बसलो होतो. हा माझा शौक समजा. आमचा जुना साधा एसी चालू होताना घरातले दिवे क्षणभर मान टाकायचे, कारण साधा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. इथे आकडा अर्ध्या अँपिअरवरून हळूहळू चढत गेला: दोन, साडेतीन, पाच. पाचेक मिनिटांनी साडेसात. खोली गार झाल्यावर उतरत दोन-अडीचवर स्थिरावला. इन्व्हर्टर म्हणजे काय ते जाहिरातीपेक्षा त्या आकड्याने जास्त समजावलं.

दुसरा प्रसंग दुसऱ्या महिन्यातला, ऐन उन्हाळ्यात. दुपारी आईने हाक मारली, "अरे, इस्त्री चालू राहिलीय का कुठे? वास येतोय." इस्त्री बंद होती. वास एसीच्या प्लगचा होता. हात लावला तर चटका बसला. एमसीबी पाडून प्लग ओढला तो निघेना, सॉकेटला चिकटलेला. निघाला तेव्हा न्यूट्रलच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. एसी तोवर मजेत चालू होता. एमसीबीलाही पत्ता नाही.

पत्ता कसा लागणार? एमसीबी करंट जास्त झाला की पडतो आणि करंट साडेसातच होता. पण जिथे जोड सैल झाला तिथे समजा अर्धा ओहम रोध आला, तर साडेसातचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे २८ वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. एक तापलेली सोल्डरिंग आयर्न प्लगच्या आत रोज सात-आठ तास ठेवल्यासारखं झालं. आणि व्होल्टेज पडलं किती, तर पावणेचार. एसीला ते जाणवतही नाही.

प्लग खोलून दिव्याखाली धरला. न्यूट्रलची तार पिनेत घालताना इन्सुलेशन नीट मागे सोललेलं नव्हतं. स्क्रूचं टोक निम्मं तांब्यावर आणि निम्मं इन्सुलेशनवर टेकलेलं. पहिल्या दिवशी ते घट्टच लागलं असणार. चालून थोडं गरम झालं, इन्सुलेशन मऊ पडलं, पकड सैल झाली, म्हणून आणखी गरम, म्हणून आणखी सैल. मागे सॉकेटमध्ये माझी लाडकी चारची वायर. तिचा प्रताप वेगळाच. जाड वायर ताठ असते, उथळ बॉक्समध्ये कोंबून प्लेट दाबली की ती टर्मिनलला पिळते. तिथलाही एक स्क्रू आवळून पाहिला तर अर्धा फेरा फिरला. सतरा मीटरसाठी दोन दिवस वाद घालणाऱ्या माणसाने शेवटच्या अर्ध्या इंचाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

प्लग-सॉकेट काढूनच टाकलं. खोल बॉक्स, त्यात डीपी स्विच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि वायरच्या टोकांना लग्ज (धातूच्या टोप्या) क्रिंप करून, म्हणजे दाबून पक्क्या बसवून, थेट टर्मिनलला. वायरमन तोच. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर पहिले पंधरा दिवस रोज रात्री स्विचच्या प्लेटवर तळहात ठेवून बघायचो. गार. आता महिन्यातून एकदा बघतो.

तिसरा त्रास पावसात. रात्री पाऊस लागला की पहाटे एसी बंद आणि टायमरचा दिवा तसाच लुकलुकतोय. दुपारी ऊन पडलं की आपोआप ठीक. सर्व्हिसचा माणूस दुपारी यायचा, तेव्हा एसी शहाण्या मुलासारखा चालायचा. दोनदा असं झाल्यावर त्याने निदान केलं की पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलावा लागेल. मला तो बाहेरचा जोड आठवला. टेप उलगडली तर आतून पाणी टपकलं, तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या. सिग्नलच्या तारेला एवढा ओलावा पुरतो. जोडच काढून टाकला आणि इथून तिथपर्यंत अखंड केबल टाकली. आऊटडोअरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, टर्मिनलपर्यंत जात नाही. त्यानंतर पावसाळाभर दिवा लुकलुकला नाही. पीसीबी अजून तोच आहे.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे करंट अर्थला गळायला लागला की वीज तोडणाऱ्या स्विचबद्दल, थोडक्यात. माझा ३० मिलिअँपिअरचा एकच घरभर होता आणि एसी आल्यावर तो अधूनमधून उगाच पडायला लागला. इन्व्हर्टरच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थला जातोच, त्यात गीझर आणि वॉशिंग मशीनचा मिळाला की बेरीज काठावर येते. एसीला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) दिला, ए प्रकारचा. काहींनी आरसीसीबी काढूनच टाकायचा सल्ला दिला होता. अशा सल्लागारांना चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

थंडीत हीट पंप म्हणून वापर सुरू केला आणि या बाबतीत मशीनने मला खरोखर जिंकलं. दोन हजार वॅटचा साधा हीटर पावणेनऊ अँपिअर खातो. हा खोली गरम झाल्यावर तीन-साडेतीनवर चालतो आणि ऊब जास्त देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आत आणतो. पहिल्यांदा एका कडाक्याच्या पहाटे मात्र घाबरलो. आतला पंखा थांबला, बाहेरून फुस्स आवाज आला आणि आऊटडोअरमधून वाफ निघताना दिसली. मी तीनदा पोळलेला माणूस, धावत जाऊन डीपी स्विच बंद केला. नंतर पुस्तिकेत वाचलं: डीफ्रॉस्ट. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतं, ते वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं. फुस्स आवाज गॅसची दिशा उलटवणाऱ्या फोर-वे व्हॉल्व्हचा. पाच-दहा मिनिटांत पुन्हा गरम हवा येते. स्विच बंद करणं हाच काय तो त्यातला बिघाड.

आणखी एक, जे मी चुकीचं करत होतो. वीज वाचवायची म्हणून थंडीत दिवसा एमसीबी पाडून ठेवायचो. थंडीत बंद असलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस विरघळून बसतो, तो जायला कॉम्प्रेसर आतून कोमट ठेवावा लागतो आणि त्यासाठी वीज चालू हवी. माझ्या पुस्तिकेत लिहिलंय की बरेच दिवस बंद असेल तर चालवण्याआधी १२ तास सप्लाय चालू ठेवा. आता फक्त रिमोटने बंद करतो.

तक्रारी आहेत त्या किरकोळ. डिस्प्लेचा उजेड रात्री डोळ्यांवर येतो, त्यावर काळी टेप लावली. गरम चालताना आऊटडोअरखाली पाणी ठिबकतं, त्याची नळी बसवण्याच्या वेळी कुणी लावलीच नाही, सध्या खाली बादली आहे.

परवा सर्व्हिसला आलेल्या पोराला आधी वीज बंद करून दोन्हीकडची टर्मिनलं तपासायला लावली. एक सोडून सगळे स्क्रू घट्ट होते. आऊटडोअरचा दोन नंबर पाव फेरा फिरला.

दुसऱ्या खोलीचं काम आता काढलंय. केबल साडेपाच मीटर लागते, सातची अखंड आणून ठेवली आहे.