रोजचं लिखाण आणि रेखाटन, दोन्हीला एकच पेन-पेन्सिल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, कारणं मागाहून. रोज चार-पाच पानं मराठी लिहायची आणि त्याच पेन्सिलीनं रेखाटनही करायचं असेल, तर पेंटेलची पी-२०५ घ्या आणि आत एचबीऐवजी बी लीड (एचबीहून मऊ आणि काळी) घाला. फक्त लिहायचं असेल तर युनिची कुरू टोगा. पट्टी लावून रेषा मारायचं काम जास्त असेल तर रॉट्रिंग ६००. आणि पेन्सिल दिवसभर शर्टाच्या खिशात राहणार असेल तर पेंटेलचीच ग्राफगिअर १०००, कारण तिची क्लिप दाबली की लीड जिच्यातून बाहेर येते ती पुढची नळी आत जाते आणि खिसाही वाचतो, नळीही. चारही पॉइंट फाइव्हच्या (नावाला ०.५ मिमी जाड लीडच्या), मे महिन्यापासून जानेवारीपर्यंत आलटून-पालटून वापरलेल्या. म्हणजे पुण्याचा घामाचा उन्हाळा, सादळलेला पाऊस आणि कोरडी थंडी, तिन्ही ऋतूंतला हा वापर आहे.

पेन-पेन्सिलींवर जे लिहिलेलं वाचायला मिळतं ते बहुतेक रोमन लिपी लिहिणाऱ्यांचं असतं. देवनागरीचा हिशोब वेगळा पडतो. कुरू टोगा २००८ साली बाजारात आली. तिच्या पोटात एक छोटं दातेरी चाक आहे. टोक कागदावर टेकवलं आणि उचललं की लीड नऊ अंशांनी फिरते, चाळीस वेळा टेकवलं-उचललं की एक फेरी पूर्ण. जोडून इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात शब्दभर कागदावरच राहतो, त्यामुळे चाक क्वचित फिरतं. मराठीत काय होतं ते ‘पुणे’ हा एक शब्द लिहून बघा. प चा गोल पोटाचा भाग एक, दंड दोन, उकार तीन, ण चा डावा भाग चार, त्याचा दंड पाच, मात्रा सहा, वरची शिरोरेषा सात. एका शब्दात सात वेळा हात उचलला, लीड त्रेसष्ट अंश फिरली. सहा वेळा ‘पुणे’ लिहिलं की एक फेरी होऊन वर दोन उरतात. म्हणून मराठी लिहिताना ही पेन्सिल जितकी चालते तितकी इंग्रजी लिहिताना चालत नाही. पानाच्या पहिल्या ओळीतला ‘ज्ञ’ आणि शेवटच्या ओळीतला ‘ज्ञ’ एकाच जाडीचे येतात. तिच्या ॲडव्हान्स प्रकारात चाक दुप्पट वेगानं फिरतं, वीस वेळांत फेरी. पण देवनागरीला साधीसुद्धा पुरते, त्यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.

अट एकच, हात फार हलका नको. टोक कागदावर नीट दाबलं गेलं तरच चाक पुढचा दाता पकडतं. हलक्या हातानं लिहिणाऱ्यांना ‘माझी फिरतच नाही’ असं वाटतं ते यामुळे. पेन्सिल खराब नसते.

मग हीच सगळ्यात चांगली का नाही? कारण रेखाटनाला नेमकी उलटी गोष्ट लागते. साध्या पेन-पेन्सिलीनं एकाच कोनात थोडं लिहिलं की लीडचं टोक एका बाजूनं घासून तिरकं, पटाशीसारखं होतं. लिहिताना हा त्रास असतो, कारण अक्षर जाड होत जातं. चित्र काढताना मात्र तीच पटाशी दोन हत्यारांचं काम करते. सपाट बाजू कागदावर टेकवली की मिलिमीटरच्या अर्ध्याहून रुंद, मऊ करडी रेघ येते, छटा भरायला उत्तम. पेन्सिल बोटांत अर्धा वळसा फिरवून कड टेकवली की त्याच पॉइंट फाइव्हच्या लीडमधून पॉइंट थ्रीसारखी बारीक, काळी रेघ निघते. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी बाजूचे सुरूदार लाकडी खांब काढताना खांबाची गोलाई सपाट बाजूनं आणि नक्षीच्या कडा त्याच लीडच्या कडेनं, मध्ये पेन्सिल बदलायची नाही. कुरू टोगा ही पटाशी तयारच होऊ देत नाही. शिवाय प्रत्येक टेकणीला तिची लीड केसभर आत दबते. लिहिताना ते जाणवत नाही, पण रेघ नेमक्या बिंदूवर सुरू करायची असली की ती हालचाल बोटांना कळते.

पी-२०५ ची नळी पक्की, सुमारे चार मिलिमीटर लांब, आणि सगळी पेन्सिल नऊ ग्रॅमच्या आसपास. अंग जवळजवळ गोल असल्यानं चिमटीत फिरवणं सहज जमतं. लिहिताना दर दोन-तीन शब्दांनी तिला थोडं फिरवायची सवय लावली की कुरू टोगाचं काम बोटं करतात, आणि चित्र काढताना न फिरवण्याची मोकळीक राहते. ही सवय अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागतात. त्यानंतर फिरवतोय हे लक्षातही येत नाही.

रॉट्रिंग ६०० पितळी आहे, तेवीस ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्याबरोबर आवडते, हे खरंच. तिच्या वजनाचा फायदा पट्टीच्या कामात दिसतो. वजनच टोक दाबून धरतं, त्यामुळे हाताला जोर लावावा लागत नाही आणि रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी येते. महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याचं छप्पर काढायचं तर तिच्यासारखी दुसरी नाही. पकडीच्या जागी धातूवर बारीक काटे आहेत, उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटांतही ती निसटत नाही. पण तीन पानं सलग लिहिली की मागची षटकोनी कांडी अंगठ्याच्या बेचक्यात टोचायला लागते, आणि काट्यांनी मधल्या बोटाच्या कडेची कातडी लाल होते. लिखाण तासाभरापेक्षा जास्त असेल तर ती टेबलावरच राहू द्यावी. ग्राफगिअरलाही धातूची पकड आहे, पण तिच्यात मऊ रबराचे ठिपके बसवलेले असल्यानं बोटाला तेवढा त्रास होत नाही. वजन मात्र वीस ग्रॅमच्या घरात.

आता लीड. माझ्या मते अर्धं काम हिचंच असतं आणि दुकानात सगळ्यात कमी विचार हिचाच होतो. आपण पॉइंट फाइव्ह म्हणतो ती काडी प्रत्यक्षात ०.५६ मिमीच्या आसपास जाड असते. पॉइंट थ्री ०.३८ च्या आसपास, पॉइंट सेव्हन जवळजवळ ०.७. वाकताना तुटण्याची ताकद जाडीच्या घनावर चालते, म्हणून फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा असतो: पॉइंट सेव्हन पॉइंट फाइव्हच्या जवळजवळ दुप्पट दम धरते आणि पॉइंट थ्री जेमतेम एक-तृतीयांश. दाबून लिहिणाऱ्यानं पॉइंट थ्री घेऊन ‘लीड सारखी तुटते’ म्हणण्यात अर्थ नाही. दुसरं कारण म्हणजे बाहेर काढलेली लांबी. बहुतेक पेन्सिली एका दाबाला साधारण अर्धा मिलिमीटर लीड सोडतात. लिहायला एक दाब, छटेला फार तर दोन. तीन दाबले की तुटणारच, मग ब्रँड कुठलाही असो.

काडी ६० मिमी लांब असते, पण ती पूर्ण वापरता येत नाही. क्लचचे, म्हणजे लीड धरणाऱ्या आतल्या चिमट्याचे, जबडे टोकापासून दहा-पंधरा मिलिमीटर मागे असतात, त्यामुळे शेवटचा तेवढा तुकडा जबड्यांच्या हाती लागत नाही. तो फक्त नळीमागच्या छोट्या रबरावर धरलेला असतो. मागची नवी काडी त्याला पुढे ढकलते, पण लिहिताना तो जागच्या जागी फिरतो आणि अक्षर डळमळतं. अशा वेळी ‘पेन्सिल बिघडली’ असं समजून जोर लावू नका. तुकडा ओढून टाकून द्या. म्हणजे पाचातला एक भाग वायाच जातो, आणि स्वस्त लीडची डबी घेताना हा हिशोब धरलेला बरा.

एचबी की बी? उन्हाळ्यात आणि थंडीत दोन्ही चालतात. पावसाळ्यात फरक कळतो. जुलै-ऑगस्टमध्ये वहीचा कागद हवेतला ओलावा पिऊन मऊ पडतो. एच किंवा २एच (एचबीहून कडक) टोक त्यावर रेघ उमटवण्याआधी चरा पाडतं, आणि खोडल्यावर चरा तसाच राहतो. एचबी फिकी दिसते म्हणून हात नकळत जास्त दाबतो. बी त्याच दाबात काळी उमटते, चरा पडत नाही. २बी पॉइंट फाइव्हमध्ये घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती मऊ असल्यानं लवकर झिजते, लवकर तुटते आणि तळव्याला लागून पानभर पसरते. मोठ्या छटेसाठी २बी हवीच असेल तर पी-२०७ मध्ये, म्हणजे पॉइंट सेव्हनमध्ये घाला. ओल्या कागदावर खोडरबरही जपून वापरायचं, तंतू निघाले की तिथे पुन्हा रेघ स्वच्छ येत नाही. एक गोष्ट मात्र पावसाळ्यात पेन्सिलीच्या बाजूची आहे: पानावर चार थेंब पडले तरी लिहिलेलं फुटत नाही.

लांब नळीच्या पेन्सिलींचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे जमीन. धातूची पकड असलेल्या पेन्सिलींचं वजन पुढे असतं, त्यामुळे टेबलावरून सुटली की ती टोकावरच पडते आणि शहाबादी फरशी तिला माफ करत नाही. नळी वाकली की नाही हे डोळ्यांना लगेच दिसत नाही. लीड आत घ्या, पेन्सिल चिमटीत धरून हळूहळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक जागेवर फिरत असेल तर ठीक, लहानसं वर्तुळ काढत असेल तर नळी वाकली. पक्कडीनं सरळ करायला जाऊ नका, पातळ नळी चेपते आणि मग लीडच जात नाही. वाकलेल्या नळीत लीड मधोमध न जाता कडेला घासते आणि विनाकारण तुटत राहते. पुष्कळदा लोक लीडची डबी बदलतात, दोष नळीचा असतो.

दुसरा त्रास दुचाकीचा. आत दहा-बारा काड्या भरून पेन्सिल दप्तरात टाकली आणि खड्ड्यांतून रोजचा प्रवास झाला की काड्या एकमेकींवर आपटून तुकडे होतात, आणि तुकडे क्लचच्या तोंडाशी आडवे अडकतात. दोन काड्या आत, बाकी डबीत. याहून जास्त कधीच नको.

तरीही अडकलीच तर असं करा. मागचं रबर काढून उरलेल्या काड्या बाहेर ओता. पुढचा धातूचा शंकू उलटा फिरवून काढा, पण खाली पांढरं फडकं ठेवून. आतलं रबर मोहरीएवढं असतं, ते पडलं की सापडत नाही. नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. दिसत नसेल तर पुढच्या बाजूनं पातळ पोलादी तार घाला. सतारीची साधी तार पॉइंट फाइव्हच्या नळीत आरामात जाते. शिवणाची सुई घालू नये, ती मागे जाड होत जाते आणि नळीचं तोंड फाकवते. मग बटण दाबून धरा, म्हणजे क्लचचे जबडे उघडतील, आणि पेन्सिल तळहातावर उलटी आपटा. लीड जागेवर राहत नसेल, लिहिताना आत सरकत असेल, तर जबड्यांत लीडची पूड साचलेली असते. बटण दाबून धरून एक अख्खी काडी पुढून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि फुंकर मारा. तेल अजिबात नको, तेलानं जबडे घसरतात. शंकू परत बसवताना बोटांनी लागेल तेवढाच घट्ट.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात घेणार असाल तर दुकानात पाच मिनिटं काढा. गर्दी असली तरी काउंटरवर कागद मागता येतो. बटण दहा वेळा दाबा, पाच-सहा मिलिमीटर लीड बाहेर यायला हवी. एखाद्या दाबाला काहीच आलं नाही तर ती पेन्सिल ठेवून द्या. मग लीड एक दाब एवढीच बाहेर ठेवून कागदावर सरळ उभी दाबा. आत सरकली तर क्लच सैल. लीड पूर्ण आत घेऊन नुसती नळी बाजूला हलवून बघा, पक्क्या नळीच्या पेन्सिलीत ती अजिबात हलता कामा नये. आणि सहीऐवजी ‘क्ष’, ‘ह्य’, ‘ज्ञ’ अशी दाटीची अक्षरं बारीक लिहा, वर दहा सेंटिमीटरची शिरोरेषा ओढा. पट्टी असेल तर पट्टीच्या कडेनंही एक रेघ मारा. ज्या पेन्सिलीचं टोक शंकूसारखं आणि नळी आखूड असते तिचा शंकू जाड पट्टीच्या कडेवर चढतो, रेघ पट्टीपासून लांब पडते आणि टोक दिसतही नाही. चार मिलिमीटरची नळी कडेला चिकटून चालते.

मागच्या टोपणाखालच्या रबरानं खोडू नका, खोडायला वेगळं खोडरबर ठेवा. ते इवलंसं रबर काड्यांच्या नळीचं बूच आहे. झिजून सैल झालं की टोपण काढताक्षणी दोन्ही काड्या जमिनीवर असतात.