मेनिंजिओमा परत येईल का : पॅथॉलॉजी रिपोर्टवर विसंबायचं की मिथायलेशन करायचं?

मेनिंजिओमा म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढणारी गाठ. ती पूर्ण निघाली, पण रिपोर्टवर 'ग्रेड २' आलं, म्हणजे सौम्य ग्रेड १ आणि आक्रमक ग्रेड ३ यांच्या मधलं. आता रेडिएशन लगेच घ्यायचं की एमआरआय करत थांबायचं? ताईच्या वेळी आम्ही नेमके इथेच अडकलो होतो.

ऑपरेशन आणि पॅथॉलॉजी रिपोर्टवरून ठरवण्याच्या नेहमीच्या वाटेचा एक आधार भक्कम आहे, तो म्हणजे सर्जनने किती काढलं. न्यूरोसर्जन डोनाल्ड सिम्पसन यांची १९५७ची प्रतवारी आजही वापरतात. गाठीसोबत तिच्या बुडाचं आवरण आणि बाधित हाडही निघालं तर त्यांच्या रुग्णांत सुमारे ९ टक्क्यांना गाठ पुन्हा झाली. आवरण नुसतं जाळलं होतं तिथे १९ टक्क्यांना. तेव्हा ऑपरेशनची नोंद नीट वाचा आणि सर्जनना थेट विचारा.

माझा विश्वास डळमळला तो सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीवर. एकच ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन लॅबमध्ये दाखवला, तर केआय-६७, म्हणजे वाढत्या पेशींची टक्केवारी, एकीकडे पाचच्या आत, दुसरीकडे जवळपास दुप्पट. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी शांतपणे समजावलं : पेशी जिथे दाट रंगल्यात तिथे मोजलं की आकडा चढतो, सगळीकडची सरासरी घेतली की उतरतो. ग्रेडचंही तसंच. सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत विभाजन होणाऱ्या पेशी चार दिसल्या तर ग्रेड २, तीन दिसल्या आणि बाकी काही खटकलं नाही तर ग्रेड १. कुणाचीच चूक नाही, हे मला पटलं. पण मेंदूवर रेडिएशन घ्यायचं की नाही हे कुणी कुठला कोपरा मोजला यावर ठरावं, हे काही केल्या पचेना.

दुसरी वाट मिथायलेशन तपासणीची. तिच्यात गाठीच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा नमुना वाचतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधक गटाने २०१७ मध्ये दाखवलं की त्यावरून केलेले वर्ग गाठ परतण्याचा अंदाज ग्रेडपेक्षा चांगला देतात. ही तपासणी ज्या चिपवर होते तिच्यावरच गुणसूत्रांचे गळालेले भागही दिसतात. पहिल्या गुणसूत्राची लहान भुजा गेली असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. अडचणी आहेतच. तपासणी महाग, सगळीकडे होत नाही, रिपोर्टला वेळ लागतो, आणि कधी नमुना कुठल्याच वर्गात ठामपणे बसत नाही.

ताईचा नमुना सौम्य वर्गात बसला. रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही थांबलो, आणि आजवरचे एमआरआय स्वच्छ आहेत. एका माणसावरून नियम निघत नाही, हे मान्य. पण निदान निर्णय कशावर घेतला ते आम्हाला ठाऊक होतं.

ग्रेड १ असून सगळं निघालं असेल तर मी हा खर्च करणार नाही. ग्रेड ३ असेल तर रेडिएशन बहुधा सुचवतीलच. मधल्या ग्रेडला मात्र, उत्तराने उपचार खरोखर बदलणार असतील आणि खर्च झेपत असेल, तर मिथायलेशन करून घ्यावं असं मला वाटतं. ब्लॉक मागताना गाठीच्या पेशी सर्वांत जास्त कुठल्या ब्लॉकमध्ये आहेत, हे पॅथॉलॉजिस्टना विचारून तोच पाठवा.